घसरायची हूल

मायलो व्होंड्राचा मुलगा ज्या दिवशी त्या हुलीला फसला, त्या दिवशी मायलो मैदानातच होता. खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या बाकांवर, बायको कार्लाच्या शेजारी, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा घेऊन.

मुलगा डॉल्टन, एकुलता एक. विद्यापीठाच्या संघात तो बचावाच्या सगळ्यात मागच्या जागेवर खेळायचा. पुढचे सगळे फसले तर चेंडू घेऊन पळणाऱ्याला शेवटी आडवं करायचं ते त्याने. शाळेत असताना त्याला एकाही विद्यापीठाने बोलावलं नव्हतं. शिष्यवृत्ती नाही, साधं पत्र नाही, कुणी कोच घरी येऊन कार्लाच्या हातची कॉफी पिऊन गेला नाही. तो आपणहून जाऊन उभा राहिला, फुकट घाम गाळायची तयारी दाखवली, दोन वर्षं सरावात नावाजलेल्या पोरांच्या धडका खाल्ल्या आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या अकरात आला. नेब्रास्कात अशा पोरांना लोक पोटच्या पोरासारखं मानतात. त्यांचं ब्रेनिक तर एवढंसं गाव. तिथल्या धान्याच्या कोठारावर कुणीतरी त्याच्या जर्सीचा आकडा रंगवला होता, तोही दोन्ही बाजूंनी.

सामना संपत आला होता आणि आपला संघ जेमतेम पुढे होता. पाहुण्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या डोक्याने आणि हाताने सगळा खेळ चालतो तो गडी, पास द्यायला कुणीच मोकळं सापडेना म्हणून चेंडू बगलेत मारून स्वतःच पळत सुटला. समोर एकटा डॉल्टन. आता क्वार्टरबॅकला एक सवलत असते. पळता पळता त्याने पाय पुढे टाकून जमिनीवर घसरण घेतली की तो शरण आला असं धरतात. मग त्याला हात लावायचा नाही. लावला तर दंड, आणि जोरात लावला तर लावणारा मैदानाबाहेर. पंधरवड्यापूर्वी डॉल्टनच्या हातून हेच घडलं होतं. घसरणाऱ्याला त्याची धडक बसली, संघाला दंड झाला आणि त्याला मान खाली घालून बाहेर जावं लागलं. संघाचा कोच ब्रॅनम ओरडणारा माणूस नव्हता. त्याने सोमवारी डॉल्टनला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि शांतपणे सांगितलं, की घसरणाऱ्याला पुन्हा हात लागला तर माझ्या संघात तुझी जागा राहणार नाही. डॉल्टनने हे फोनवर बापाला सांगितलं होतं, बापाने ऐकून घेतलं होतं.

तर तो क्वार्टरबॅक पळत आला, त्याने गुडघा वाकवला, पाय पुढे टाकला, कंबर खाली नेली. डॉल्टन थांबला. दोन्ही हात बाजूला घेतले, मी शिवत नाही असं दाखवतात तसे. आणि त्या गड्याने कंबर पुन्हा उचलली, डॉल्टनच्या काखेजवळून निघाला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन थांबला. असली हूल द्यायला बंदी येऊन काही वर्षं झाली होती. घसरायचं सोंग केलं तरी पंचाने तिथेच शिटी मारायची असा नियम. पण शिटी वाजली नाही, आणि सामना हातचा गेला.

ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेतला एक माणूस काहीतरी बोलायला मागे वळला, त्याने कार्लाच्या अंगावरच्या जर्सीवर व्होंड्रा हे नाव वाचलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. कार्लाने तोंडावर हात धरला होता. मायलोने मैदानाकडे बघितलं. डॉल्टन अजून तिथेच उभा होता, हात तसेच अर्धवट वर. मायलोच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपण गाडी कुठल्या बाजूच्या पटांगणात लावली आहे. दुसरा विचार आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर तो नेहमीप्रमाणे आर्लीनच्या कॅफेत गेला. कार्ला म्हणाली होती, नको जाऊस. न जाण्यामागचं कारण त्याला सापडेना, म्हणून तो गेला.

खिडकीजवळच्या टेबलावर त्याचे तिघे मित्र बसले होते. रॉली वाव्रा, ज्याने जन्मभर ट्रॅक्टर विकले आणि आता मतं वाटायचा. जीन पोस्पिशिल, धान्याच्या कोठाराचा मॅनेजर. देशातल्या कुठल्या शाळेतला कुठला पोरगा किती उंच आणि किती वेगाने पळतो हे त्याला पाठ असे. आणि म्हातारे बर्नार्ड टिही, गावच्या शाळेचे निवृत्त कोच. डॉल्टनला चेंडू धरायला त्यांनीच शिकवलं होतं. सगळं गाव त्यांना अजून कोचच म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा.

मायलो बसला तेव्हा टेबल जरा चुळबुळलं. आर्लीनने न विचारता कॉफी ओतली, खसखशीचा कोलाचे, म्हणजे सारण भरलेला गोड पाव, आणून ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. मग तिघांनी लांबून सुरुवात केली. रॉलीचं म्हणणं पडलं, की पुढच्या फळीत धड माणसं असती तर तो क्वार्टरबॅक डॉल्टनपर्यंत पोचलाच नसता. दोष भरतीचा. आपल्या मातीतली, गवताचे गठ्ठे उचलणारी पोरं घ्यायची सोडून कोच ब्रॅनम जॉर्जिया न् फ्लोरिडा पालथं घालतो. ती पोरं पैसे बघून येतात आणि जर्सी दोनदा धुवायच्या आत दुसऱ्या विद्यापीठात पळतात. जीनने त्याला समजावलं, की या राज्यात माणसांपेक्षा गाई जास्त आहेत आणि गाईंना शिष्यवृत्ती देता येत नाही. वेग हवा असेल तर वेग पिकतो तिथेच जावं लागतं. त्यावर कोच टिहींनी भरती वगैरे सब झूट असं सांगून टाकलं. खरा प्रश्न शिस्तीचा. ब्रॅनम सरावात गाणी लावतो, मुलांना श्वास मोजायला सांगतो, आज कसं वाटतंय म्हणून विचारतो. आमच्या काळी कुणी विचारलं नाही. जीन म्हणाला, तुमच्या काळी पाणीसुद्धा द्यायचा नाहीत, आणि एक पोरगा मक्यात शिरून बेशुद्ध पडला तो रात्री सापडला. कोच म्हणाले, सापडला ना?

असं उंटावरून शेळ्या हाकणं बराच वेळ चाललं. तिघेही एका जागेभोवती फिरत होते आणि तिथे पाय ठेवत नव्हते. शेवटी रॉलीला राहवलं नाही.

“राग मानू नकोस, मायलो,” तो म्हणाला. “पण शिटी वाजेस्तोवर थांबायचं नसतं. हे आम्हाला सातवीत शिकवलंय.”

“तुला सातवीत दोनदा शिकवलंय,” जीन म्हणाला.

कोच टिही कपात बघत होते.

“डॉल्टनला मीच शिकवलं, शिटी वाजेपर्यंत खेळ,” ते म्हणाले. “आणि पडलेल्याला मारायचं नाही, हेही मीच शिकवलं. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.”

सगळे मायलोकडे बघत होते. तो म्हणाला, “हो, तेही आहे,” आणि कोलाचेचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. रॉलीच्या बोलण्याचा राग यायला हवा होता. कोचच्या बोलण्याने भरून यायला हवं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ आपला असून आपला वाटत नाही, बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं त्याने स्वतःला आतून चाचपून बघितलं. काही लागलं नाही.

सोमवारी कोच ब्रॅनम पत्रकारांसमोर बसला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाला, की आम्ही सगळ्या मुलांना शिटी वाजेपर्यंत खेळायला सांगतो, एका मुलाचं लक्ष चुकलं, आम्ही त्यातून शिकू. बंद दाराआड काय सांगितलं होतं ते त्याने सांगितलं नाही. कार्लाने हे स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर ऐकलं. एव्हाना ती हुलीची चित्रफीत लोकांनी लाखो वेळा बघितली होती. कुणी तिला विदूषकाचं संगीत लावलं होतं, कुणी डॉल्टनच्या वर केलेल्या हातांत जेवणाचं तबक चिकटवलं होतं. कार्ला प्रत्येकाला उत्तर लिहीत बसली आणि मग रडत बसली. तिने मायलोला सांगितलं, कोचला फोन कर, पेपरवाल्यांना सांग तो आपल्या पोराला काय म्हणाला होता. मायलो म्हणाला, डॉल्टनला नको असेल.

“तुला काही वाटतं की नाही?” तिने विचारलं.

“कळत नाही मला,” तो म्हणाला. हे त्याने टोलवायला म्हटलं नव्हतं. पण ती उठून गेली, आणि बरेच दिवस दोघांत मीठ संपलंय, दार लाव, एवढंच बोलणं राहिलं.

मग वरातीमागून घोडं आलं. त्याच आठवड्यात संघांच्या मंडळाने कबुली दिली, की ती हूलच होती, पंचाने शिटी मारायला हवी होती, खेळ तिथेच थांबायला हवा होता. निकाल मात्र बदलणार नाही. जीनने ती बातमी छापून कॅफेत आणली आणि टेबलावर आपटली. आता बोल, असं तो रॉलीला म्हणाला. रॉलीने आर्लीनला हाक मारून सगळ्या टेबलाला जर्दाळूचे कोलाचे सांगितले. रॉलीने कुणाला काही खाऊ घातल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. लोक येऊन मायलोचा हात हातात घेऊन गेले. बघ, तुझं पोरगं बरोबर होतं, म्हणाले. मायलोने सगळ्यांना थँक्यू म्हटलं. त्याला वाटलं होतं, निदान आता तरी काहीतरी आतून हलेल. तो थोडा वेळ वाट बघत बसला आणि मग कामावर गेला. काउंटीचा ग्रेडर चालवायचा, मातीखडीचे रस्ते पात्याने सारखे करायचे, हे त्याचं काम. त्या दिवसांत ते त्याने मन लावून केलं. रस्ते इतके गुळगुळीत कधीच नव्हते, असं लोक म्हणायचे.

डॉल्टनची जागा तोवर गेली होती. तिथे आता जाव्हारिस नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा खेळू लागला. जॉर्जियाचा, मोठ्या भरतीतला. तो इथे यायला तयार झाला तेव्हा जीनने कॅफेत सगळ्यांना कॉफी पाजली होती, आणि रॉलीने तो पुढच्या वर्षी इथे दिसणार नाही अशी पैज लावली होती. डॉल्टन बाकावर गेला. फोन मात्र दर रविवारी यायचा. बरा आहेस ना? बरा आहे. जेवतोस ना? जेवतो. गाडीच्या इंजिनचा पट्टा अजून आवाज करतो का? करतो. बापलेक एकमेकांना असं काही विचारायचे, की उत्तर देताना कुठे ठेच लागू नये.

नोव्हेंबरात एक आठवडा संघाला सामना नव्हता, पोरांना दोन-तीन दिवस मोकळे मिळाले. डॉल्टनने फोन करून सांगितलं की येतोय, आणि जाव्हारिसला घेऊन येतोय, त्याचं घर लांब आहे. फोन कार्लाने घेतला होता. तिने एवढंच विचारलं, तो काय खातो?

शुक्रवारी दोघे आले. जाव्हारिस दारातून आत येताना वाकला, टोपी काढली आणि कार्लाला मॅम म्हणाला. कार्लाने त्याच्याशी फटकून वागायचं ठरवलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने वाटीभर चिली त्याच्यासमोर ठेवली, तिखट, खिमा न् बीन्स घातलेली, आणि शेजारी दालचिनीचा साखर फासलेला गोड रोल. जाव्हारिसने एकदा वाटीकडे बघितलं, एकदा रोलकडे.

“मॅम, हा नंतर खायचा का?”

“बरोबरच,” कार्ला म्हणाली. “रोल चिलीत बुडवायचा.”

त्याने डॉल्टनकडे बघितलं. डॉल्टनने मान डोलावली. मग त्याने डोळे मिटून बुडवला आणि खाल्ला, आणि थोड्या वेळाने आणखी एक मागितला. कार्लाने त्याला चार वाढले. झोपायच्या आधी त्याला आणखी एक पांघरूण हवंय का हे विचारायला ती दोनदा जिना चढून गेली.

शनिवारी सकाळी मायलो कॅफेत निघाला तेव्हा जाव्हारिस म्हणाला, आम्हीपण येतो. डॉल्टनला यायचं नव्हतं, पण पाहुण्याला एकटं कसं पाठवणार. दोघे आत शिरले तसा कॅफेतला आवाज खाली बसला. डॉल्टन त्या दिवसानंतर पहिल्यांदाच गावात दिसत होता. कोच टिही उठले, त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, जरा हलवलं आणि बसले. एवढंच. आर्लीनने दोन खुर्च्या ओढून दिल्या. जाव्हारिसने तिघांशी हात मिळवला आणि तिघांना सर म्हणाला.

“मला सर म्हणणारा तू दुसरा,” रॉली म्हणाला. “पहिला माझ्या बायकोचा वकील.”

इथून टेबल सैल झालं. जीनने जाव्हारिसला त्याचेच आकडे सांगायला सुरुवात केली, शाळेतल्या शेवटच्या वर्षी किती चेंडू हिसकावलेस, अमुक सामन्यात गुडघा दुखावला होता ना. आपला पत्ता तरी याला ठाऊक नसावा अशा चेहऱ्याने जाव्हारिस ऐकत राहिला. मग जीनने विचारलं, सगळीकडून बोलावणं असताना इथेच का आलास? जाव्हारिस म्हणाला, आजीमुळे. पुष्कळ कोच घरी जेवून गेले, पण ब्रॅनमने जेवल्यावर स्वतःचं ताट धुतलं, मग आजीचंही धुतलं. आजी म्हणाली, हाच.

“म्हणजे ताटं धुऊन भरती होते,” रॉली म्हणाला.

“मीपण धुतली असती,” कोच टिही म्हणाले. “मला कुणी जेवायला बोलावलं नाही.”

मग बोलणं फिरून तिथेच आलं. रॉलीला ते टाळता आलं असतं तर तो रॉली कसला. त्याने डॉल्टनकडे न बघता, जाव्हारिसकडे बोट करून विचारलं, “खरं सांग. त्या दिवशी तू तिथे असतास तर?”

जाव्हारिसने कप खाली ठेवला.

“मी तिथे नसतोच, सर. मला त्या वेळी कुठे उभं राहायचं तेच कळलं नसतं. तो गडी माझ्या मागून गेला असता.” मग म्हणाला, “अजूनही कळत नाही. प्रत्येक खेळाआधी मी बाकाकडे बघतो. डॉल्टन हाताने खुणा करतो, मी तिथे जाऊन उभा राहतो. तो नसेल तर मी पळतो खूप, पण भलतीकडे.”

जीनने डॉल्टनला विचारलं, खरं का हे? डॉल्टन म्हणाला, कुणीतरी सांगायला हवंच ना त्याला. रॉली कॉफीत चमचा फिरवू लागला. तो कॉफीत काहीच घालत नसे. मग बऱ्याच वेळाने कोच टिहींनी विचारलं, की कुठल्या खुणा, दाखव, आणि डॉल्टनने टेबलाच्या कडेवर हात ठेवून दाखवल्या. मूठ, दोन बोटं, आडवा तळवा. कोच म्हणाले, आडवा तळवा तर माझा आहे. डॉल्टन म्हणाला, हो, तुमचाच.

मायलो मुलाच्या हातांकडे बघत होता. बापाला अभिमान वाटावा असंच ते होतं, हे त्याला कळत होतं. मोटारीत बसून दुसऱ्या कुणाच्या घरातला दिवा दिसावा, तसा तो त्याला दिसत होता.

दुपारी रात्रीच्या बर्फाचा अंदाज आला. ग्रेडरच्या पात्याची धार झिजली होती, ती बदलायला मायलो काउंटीच्या शेडमध्ये गेला आणि डॉल्टन न सांगता त्याच्या बरोबर आला. जाव्हारिस घरी कार्लाला रोल लाटायला मदत करत होता. त्याला आजीसाठी ते शिकून घ्यायचे होते. शेडमध्ये हात गारठत होते. दोघे पात्याखाली गुडघ्यांवर बसले आणि एकेक बोल्ट सोडवू लागले. अर्धे झाल्यावर डॉल्टन म्हणाला, “यंदानंतर मी खेळणार नाही, डॅड. डिग्री पुरी करतो.”

“बरं,” मायलो म्हणाला.

“तुला राग आला?”

“नाही.” मायलोने पाना खाली ठेवला. असं काही बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो पात्याकडे बघून बोलला. “मला काहीच वाटत नाही रे. राग नाही, वाईट वाटणं नाही. त्या शनिवारपासून. तुझी आई तुझ्यासाठी रडली. मी गाडी कुठे लावलीय ते आठवत होतो.”

डॉल्टनने सोडवलेला एक बोल्ट हातात फिरवला.

“मला वाटलं माझ्यातच काही बिघडलंय,” तो म्हणाला. “लोक शिव्या देतात, तेही ऐकू येतं, लोक सॉरी म्हणतात, तेही ऐकू येतं. दोन्ही सारखंच लागतं. म्हणजे लागतच नाही.”

“झोप लागते?”

“झोप लागते. खूपच लागते.” मग तो म्हणाला, “एक सांगू? त्याने पाय टाकला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, संपलं, आता याला मारायला नको. तेवढंच मला नीट आठवतं. बरं वाटलेलं.”

मुलाला जवळ घ्यावं असं मायलोच्या मनात आलं, पण मधे पातं होतं आणि दोघांचे हात वंगणाने काळे झाले होते. त्याने तेलाची बुधली उचलून त्याच्याकडे दिली. “शेवटचा गंजलाय,” तो म्हणाला. “तेल सोड आणि जरा थांब. जोर लावलास तर डोकं तुटेल त्याचं.”

डॉल्टनने तेल सोडलं. तेल मुरेपर्यंत दोघे तिथेच फरशीवर, ग्रेडरच्या चाकाला पाठ टेकून बसून राहिले. बाहेर वारा सुटला होता. गप्प राहणं त्या दिवशी दोघांनाही जड गेलं नाही. मग बोल्ट सुटला.

रविवारी सकाळी शेतांवर, कुंपणांवर, सगळ्यावर बर्फ होता. जाव्हारिस मोजे घालून अंगणात गेला, ओरडत परत आला आणि बूट घालून पुन्हा गेला. पोरांना दुपारपर्यंत विद्यापीठात पोचायचं होतं. मायलोने आधी आपल्या घरापासून महामार्गापर्यंतचा रस्ता घेतला, खरं तर त्या रस्त्याचा नंबर उशिरा लागायचा. ग्रेडरच्या मागे थोडं अंतर ठेवून डॉल्टनची गाडी येत होती. खिडकीतून बाहेर लटकून जाव्हारिस फोनवर सगळ्याचं चित्रण करत होता. महामार्गाशी मायलोने ग्रेडर कडेला घेतला, गाडी पुढे गेली, डॉल्टनने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, मायलोनेही उचललं. मग तो रस्त्याची दुसरी बाजू घ्यायला मागे वळला.

उरलेल्या सामन्यांत डॉल्टन चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करतात तेवढ्यापुरता मैदानात यायचा आणि पळत परत बाकावर जायचा. डिसेंबरात त्याने जर्सी परत केली. कोच ब्रॅनमने त्याचे दोन्ही हात धरून खूप चांगलं चांगलं सांगितलं. त्या बंद दाराआडच्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही आणि डॉल्टननेही काढला नाही. जाव्हारिस पुढच्या वर्षीही तिथेच खेळला, रॉली पैज हरला. त्यानंतरच्या वर्षी तो खरोखरच दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि रॉलीने, मी तेव्हाच म्हटलं होतं, असं सगळ्या काउंटीला सांगितलं. कार्लाला त्याच्या आजीचा फोन येतो. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, पण तासभर बोलतात.

मायलोचं म्हणाल तर मार्चमधली गोष्ट. बर्फ वितळून रस्ते चिखलले होते, तो ओढ्याच्या मोरीपाशी खडी पसरत होता. ना कुणाचा फोन आला होता, ना कुणी काही बोललं होतं. आणि एकाएकी त्याला डॉल्टन दिसला, ऐंशी हजार माणसांच्या मधोमध उभा, हात अर्धवट वर. आता सगळं नीट दिसत होतं, पोराचं तोंडसुद्धा. मायलोने ग्रेडर थांबवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इंजिन चालूच राहिलं.

बऱ्याच वेळाने शेजारच्या शेतावरची वर्ना कोलार्झ पिकअप घेऊन आली, काच खाली करून तिने विचारलं, बंद पडला का? तो म्हणाला, नाही, चालू आहे. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, की मग वेळ होईल तेव्हा आमच्या फाटकापर्यंत येऊन जा, तिथे फार खड्डे झालेत. तो म्हणाला, येतो. तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने बाहीने तोंड पुसलं, पातं खाली टेकवलं आणि तिच्या फाटकाच्या दिशेने निघाला.